बेसूर गाण्याची विद्या

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. सुप्याच्या एमआयडीसीत त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक शेडच्या दाराला झेंडूचं तोरण असतं, मशिनींना हळदकुंकू लागतं आणि पहिली पाळी अर्ध्यावर थांबवून पेढे वाटतात. मी तिथं माल तपासणीच्या विभागात होतो. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो, त्यामुळे पूजेनंतरच्या कार्यक्रमात पेटी माझ्याकडे, हे न सांगता ठरलेलं असायचं. गायला स्टोअरमधले एक साहेब असत. दरवर्षी तीच तीन गाणी, आणि दरवर्षी तिसऱ्या गाण्याला लोक हात झटकून उठायचे.

त्या वर्षी साहेबांचा घसा बसला होता. "कुणी गाणार आहे का?" असं माईकवर दोनदा विचारून झालं. पॅकिंगच्या बायकांत ढकलाढकली झाली आणि त्यातून एक बाई पुढे आली. माझी तिची तोंडओळख होती. आमच्याच गावातली सून, माहेर नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. नवरा टेम्पो चालवायचा. तो गावच्या नात्यानं माझा थोरला लागायचा, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो. लग्न होऊन चार वर्षं झाली असतील, पण वहिनींचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला असेल तर तो "दादा, जरा सरकता का?" एवढाच, कारखान्याच्या बसमध्ये.

त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, काळी चार धरा. अन् मी कुठंबी गेले तरी तुमी हलू नका."

मला त्याचा अर्थ कळला नाही. मी काळी चार धरली.

त्यांनी देवीचं गाणं सुरू केलं. पहिल्या दोन ओळी अशा आल्या, की मी मान वर करून पाहिलं. आवाज स्वच्छ, धुतलेल्या तांब्यासारखा. आणि तिसऱ्या ओळीला सूर घसरला. अगदी थोडा, पण कानाला खडा लागावा तसा. बिचारी घाबरली असेल, असं वाटून मी सवयीनं तिला सावरायला पेटीवर तिच्या खालच्या सुराला गेलो. त्याबरोबर वहिनी गायच्या थांबल्या. माझ्याकडे वळल्या आणि रानातली काकडी चोरताना पकडलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या. आधी पॅकिंगच्या बायका हसल्या, मग सगळी शेड.

पुन्हा ओळ घेतली, पुन्हा सूर सुटला. या वेळी मी हललो नाही. मग त्या गात गातच तो हरवलेला सूर शोधायला लागल्या. टेबलाखाली पाहिला, पदर झटकून पाहिला, मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीमागे जाऊन पाहिला. आवाज सगळीकडे भटकत होता, प्रत्येक ठिकाणी वेगळा चुकीचा. शेवटी पेढ्याच्या खोक्याचं झाकण उघडलं, आत डोकावल्या, आणि तिथून जो षड्ज लावला तो माझ्या पेटीच्या षड्जावर केसाएवढाही फरक न ठेवता बसला.

त्यानंतर त्याच चालीवर त्यांनी स्वतःचं गाणं म्हटलं.

"ये रे खोक्या, बस रे खोक्या, लावते तुला पट्टी,
साहेब आले, साहेब आले, संपली आपली सुट्टी."

'साहेब आले' म्हणताना त्यांनी आमच्या सुपरवायझरांचा खोकला काढला. ते गृहस्थ कुणावर डाफरायच्या आधी तीनदा खोकायचे, शेवटचा खोकला लांब. शेड एकदम गप्प झाली. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे. ते रागावले की हसू दाबत होते कुणास ठाऊक, पण त्यांना खरंच खोकला आला. तीनदा, शेवटचा लांब. मग काय विचारता. पत्र्याची शेड हसण्यानं घुमते हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी पेटी काढली. षड्ज धरला आणि मुद्दाम बेसूर गाऊन पाहिलं. जमेना. एकतर सुरातच जायचो, नाहीतर असा सुटायचो की परतीची वाट सापडायची नाही. वीस वर्षं भजनं म्हणत होतो मी. बेसूर गाणारे शेकडो ऐकले होते, पण त्यांचा सूर आपोआप सुटतो, त्यांना त्याचा पत्ता नसतो. या बाईला सुराचं घर इतकं पाठ होतं, की ती डोळे मिटून वाटेल तितकी लांब जायची आणि हव्या त्या क्षणी दारात हजर व्हायची. अशी विद्या असते हेच मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या सासूबाईंना सगळी आळी आक्का म्हणायची आणि सगळी आळी त्यांना वचकून असायची. उंच, हाडापेरानं थोराड, नऊवारी नेसणाऱ्या. बोलताना पदराचं टोक दातात धरायचं, एक डोळा अर्धा मिटायचा आणि समोरच्याचं सगळं ऐकून झाल्यावर फक्त "बरं" म्हणायचं, ही त्यांची रीत. त्या 'बरं'चा अर्थ 'जा' आहे, 'बघते' आहे की 'खबरदार' आहे, हे सुरावरून ओळखायचं.

"आक्का, वहिनींचं गाणं करावं म्हणतो," मी म्हणालो. "बायांच्या हळदीकुंकवात, बचतगटाच्या मेळाव्यात. मी पेटीवर असेन."

पदर दातात गेला. डोळा मिटला. गोठ्यात दोन जर्सी गाई रवंथ करत होत्या, तेवढाच आवाज.

"धारंच्या टायमाला घरी असली म्हंजी झालं," आक्का म्हणाल्या. "बरं."

परवानगी मिळाली. सुप्यात शिवणकाम करणारे एक चाचा चाळीस वर्षं ढोलकी वाजवत होते, त्यांना बरोबर घेतलं. रविवारी वहिनींचे यजमान टेम्पोतली पेंडीची पोती उतरवून सतरंजी अंथरायचे आणि आम्ही निघायचो. पारनेर, श्रीगोंदा, कधी नगरच्या पलीकडे. कुठं देवळाचा ओटा, कुठं शाळेचा वर्ग, कुठं मंगल कार्यालय. वहिनी कारखान्यात पाळी करत, घरी धार काढत आणि गाणी रचत, तीही पॅकिंगच्या पट्ट्याजवळ उभ्या राहून. "मशिनीचा आवाज लई बरा पडतो," त्या म्हणायच्या. "कितीबी मोठ्यानं म्हना, कुनाला ऐकू येत न्हाई."

चाचा फार बोलायचे नाहीत. एकदा परतताना म्हणाले, "बेटी, लोक हसायला लागले की तू लगेच पुढचं बोलतेस. हसू म्हणजे शिवण आहे. टाका बसू दे, मग दोरा ओढ." पुढच्या कार्यक्रमाला वहिनी पहिल्या हशानंतर थांबल्या. थांबून नुसत्या बघत राहिल्या. हसू ओसरायला लागलं तशी त्यांनी एक भुवई उचलली आणि ते पुन्हा दुप्पट झालं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. पेटी-ढोलकीवाल्यांनी कार्यक्रमात हसायचं नसतं, हा आमचा नियम होता. त्या दिवशी आम्ही दोघांनीही मोडला.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका संक्रांतीत आवाज गेला.

दिवसभर मशिनीच्या खडखडाटात ओरडून बोलायचं आणि सुटीला गायचं, हे गळ्याला किती दिवस मानवणार? आधी वरचे सूर फाटायला लागले, मग बोलणंही कापडावर घासल्यासारखं येऊ लागलं. नगरला डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. दोन महिने एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पुढे आवाज येईल, कसा येईल ते सांगता येत नाही.

रथसप्तमीचं एक हळदीकुंकू आम्ही आधीच घेऊन ठेवलं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, "मी आयोजक बायकांना नाही म्हणून कळवतो." वहिनींनी कोनाड्यातली पाटी घेतली, त्यावर दोन शब्द लिहिले आणि माझ्यापुढे धरली. 'पेटी बोलंल.'

चार दुपारी आम्ही बसलो. त्या समोर उभ्या राहून तोंड हलवायच्या, हात नाचवायच्या, आणि मी त्या बोलण्याला सूर शोधायचो. बाईमाणूस 'या बाई, बसा' म्हणते तेव्हा आवाज कुठून कुठं जातो? 'मी कशाला बोलू?' म्हणताना कुठं अडतो? मी आयुष्यभर पेटीवर अभंग वाजवले होते. माणसं बोलतात तेव्हाही गातच असतात, हे मला एका मुक्या झालेल्या बाईनं शिकवलं. माझा सूर चुकला की त्या डोकं हलवायच्या. बरोबर आला की टाळी वाजवायच्या नाहीत, नुसतं पुढचं वाक्य सुरू करायच्या.

कार्यक्रमाला दोनेकशे बायका होत्या. वहिनी मंचावर आल्या, नमस्कार केला, तोंड उघडलं, आणि आवाज आला तो माझ्या पेटीतून. पहिल्यांदा बायकांना कळलंच नाही. मग वहिनी एक पाऊल डावीकडे सरकल्या आणि सासू झाल्या. मी खालच्या सप्तकात गेलो. उजवीकडे आल्या आणि सूनबाई झाल्या, मी वर. सासू विचारते, वाण काय आणलंस? सून सांगते. सासू म्हणते, एवढंच? एक शब्द उच्चारला गेला नाही आणि समोरच्या बायका शब्दन् शब्द ऐकत होत्या. पुढे बसलेली एक म्हातारी ओरडली, "अगं बया, पेटीला त्वांड फुटलं!"

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी न ठरलेला एक फाजील सूर सोडला. सुनेच्या तोंडून काहीतरी भलतंच गेल्यासारखा. वहिनींनी दचकून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मी पुन्हा सोडला. त्या रागानं माझ्याकडे आल्या आणि पेटीच्या भात्यावरच हात दाबला. सूर घुसमटत मेला. बायका डोळे पुसत होत्या, एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. माझ्या हातांवर काटा उभा राहिला होता. ही बाई गेले तीन आठवडे मुकी आहे, तिचा गळा कदाचित कायमचा गेलाय, हे त्या पाऊण तासात मी साफ विसरलो होतो. बहुतेक त्याही विसरल्या होत्या.

कुणाच्या तरी लेकीनं ते मोबाईलवर टिपलं. ते या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिलं आणि महिन्याभरानं मुंबईहून फोन आला. दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी कार्यक्रमासाठी त्यांना वहिनींना बघायचं होतं. वहिनींना बोलायची बंदी, म्हणून फोन यजमानांनी घेतला. पलीकडून गोड आवाजात कुणी मुलगी बोलत होती. ते म्हणाले, "आमाला लोन नको, ताई," आणि ठेवून दिला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी तिथं होतो म्हणून बरं.

आम्ही मुंबईला गेलो तोवर दोन महिने पुरे झाले होते. आवाज परत आला होता, पण तो पहिला नव्हता. खालचा भाग जाड, खरबरीत, आणि वरचे सूर नव्हतेच. तिकडं एका मोठ्या खोलीत टेबलामागे पाच माणसं बसली होती. थकलेली दिसत होती, सकाळपासून पन्नासएक लोक बघितले असतील. "गाऊन दाखवा," म्हणाले. वहिनींनी ते खंडेनवमीचंच देवीचं गाणं घेतलं. मला घाम फुटला, कारण त्या गाण्यात एक जागा होती, तार सप्तकातली, जिथं त्यांचा आवाज पूर्वी घारीसारखा तरंगायचा.

त्या जागेला आवाज फाटला. नुसती हवा आली. टेबलामागच्या एकानं कागदाकडे खाली पाहिलं.

वहिनींनी मान वर केली आणि छताकडे पाहिलं, जिथं तो सूर गेला असावा तिकडं. बराच वेळ बघितलं. हात कपाळावर धरून, उन्हात लांब गेलेली एसटी बघावी तसं. मग हळूच हात हलवून त्याला निरोप दिला, पोचलास की फोन कर, असं खुणेनं सांगितलं, डोळ्याला पदर लावला, वळल्या, आणि खालच्या सप्तकातला तो जाड खरबरीत सूर लावून, दारात आलेल्या नकोशा पाहुण्याला म्हणतात तसं गायल्या, "तुमी व्हय? या... बसा."

पाचही माणसं हसली. एक जण तर खुर्चीतून उठला. मीही हसत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. त्या सुराला मी चार-पाच वर्षं साथ केली होती. तो गेल्याचं दुःख त्यांना किती होतं हे आम्हां दोघांनाच माहीत होतं. आणि त्यांनी तेच दुःख उचलून अनोळखी माणसांपुढे हसण्यासाठी ठेवलं होतं. माणसात एवढं बळ कुठून येतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यांची निवड झाली. तिकडं वाद्यवाले कार्यक्रमवाल्यांचे होते, पेटीच्या जागी कीबोर्ड होता. वहिनी मला म्हणाल्या, "मास्तर, तुमी चला. मी सांगते त्यांना." माझी नोकरीची काही वर्षं उरली होती, मुलगी दहावीला होती. मी नाही म्हणालो. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिला भाग लागला तेव्हा त्यांच्यामागे दुसऱ्याचे हात वाजवताना ऐकून मी उठून अंगणात गेलो. पण दोन मिनिटांत घरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला आणि मी परत आत येऊन बसलो.

दीड वर्षानं त्यांना मालिकेत काम मिळालं. खाष्ट, विनोदी सासूचं. गावात सात वाजता सगळे टीव्हीपुढे. आमच्या घरी शेजारची तीन घरं जमली होती. वहिनी पडद्यावर आल्या. नऊवारी, केस पांढरे केलेले. समोरची सून काहीतरी सांगत होती. वहिनींनी पदराचं टोक दातात धरलं, एक डोळा अर्धा मिटला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं."

आमच्या घरात कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझी बायको हळूच म्हणाली, "अगं आई गं. आक्का."

चार दिवस आक्का कुणाशी बोलल्या नाहीत. दूध घालायला यायच्या, घालून जायच्या. रविवारी वहिनी मुंबईहून आल्या त्या आधी माझ्याकडेच. रंग उडाला होता. "मास्तर, तुमी चला बरोबर. आत्याबाई तुमच्यादेखत कमी बोलतील."

आक्का ओट्यावर बसल्या होत्या. वहिनी पाया पडल्या आणि तशाच खाली बसून राहिल्या.

"त्वा माझं सोंग घेतलंस," आक्का म्हणाल्या.

"व्हय, आत्याबाई."

"समद्या महाराष्ट्रानं बघितलं."

"व्हय."

"चुकलंय."

वहिनींनी मान आणखी खाली घातली. "मला माफ करा. मी त्यांना सांगून बदलून..."

"आगं माफ काय करा! चुकलंय म्हनते. पदर मी डाव्या अंगानं धरते, तू उजव्या धरलास. इकडच्या दाढा न्हाईत मला." आक्कांनी तोंड उघडून बोटानं दाखवलं. "अन् डोळा मिटते ती मी रागानं मिटते व्हय? त्या डोळ्यानं दिसत न्हाई मला नीट. आठ-धा वर्सं झाली. मान्सं म्हनत्यात आक्का लई कडक. मी आपली समोर कोन हाय ते बघत असते."

वहिनींनी वर पाहिलं. त्या बाईनं सासूचा चेहरा ओळीओळीनं पाठ केला होता, राज्यभराला हसवलं होतं, आणि त्या डोळ्यामागची गोष्ट तिला आत्ता कळत होती. मलाही. चार घरांवर राहून मी त्या डोळ्याला घाबरत आलो होतो.

"तुमी सांगितलं का न्हाई कधी?" वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला.

"कुनी इचारलं? ऊठ. ते 'बरं' म्हनून दाखीव."

वहिनी उठल्या. म्हणाल्या, "बरं."

"हे तर बाजारात इकायला काढलेल्या शेळीवानी झालं. पोटातनं काढ. बरं."

"बरं."

"आता कसं!"

त्या सकाळी ओट्यावर सासू-सुनेची जी तालीम चालली, तशी मी कुठल्याही नाटक मंडळीत पाहिलेली नाही. आक्का चालून दाखवायच्या, वहिनी मागून चालायच्या. पुढच्या आठवड्यात वहिनी त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मोतीबिंदू होता, काढला. त्यानंतर आक्का दोन्ही डोळे उघडून बोलायला लागल्या आणि आळीला कळलं की त्या मुळात हसऱ्या आहेत. मालिकेतल्या सासूचा डोळा मात्र मिटलेलाच राहिला. आक्का पाहुण्यांना सांगायच्या, "टीव्हीतली म्हातारी आंधळी हाय, मी डोळस."

मालिका चालू असताना मी एकदाच चित्रीकरण पाहायला गेलो. सकाळी आठला तयार होऊन वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि दुपारी चारला त्यांचा नंबर लागला. दोन मिनिटांचा प्रसंग. शिंक येते आणि हातातल्या परातीतलं पीठ उडतं, एवढंच. कधी दिवा चुकला, कधी समोरचा नट वाक्य विसरला, तेरा-चौदा वेळा झालं. प्रत्येक वेळी पीठ झाडायचं, पुसायचं, पुन्हा उभं राहायचं. मी मोजत होतो की कंटाळा कितव्यांदा दिसतो. दिसला नाही. उलट प्रत्येक शिंक थोडी निराळी होती. शेवटच्या वेळी शिंक आली आणि अर्ध्यावर अडकली. वहिनी तशाच, तोंड उघडं, बोट वर, वाट बघत. कॅमेऱ्यामागच्या माणसाचे खांदे हलायला लागले. मला चाचांची शिवण आठवली. चाचा तोवर थकले होते, ढोलकी खुंटीला होती.

मालिका चार वर्षांनी संपली. मीही निवृत्त झालो. मग वहिनींनी स्वतःचा दोन तासांचा कार्यक्रम बसवला आणि फोन केला, "मास्तर, आता कारन सांगायचं न्हाई." तेव्हापासून मी पुन्हा त्यांच्या उजव्या हाताला बसतो.

गेल्या हिवाळ्यात, भात काढून झाल्यावर, त्यांच्या माहेरी कार्यक्रम होता. अकोले गावापासून पुढे वळणावळणाच्या रस्त्यानं जीप गेली, खाली धरणाचं पाणी, वर डोंगर. शाळेच्या मैदानात भर दुपारी माणसं जमली. अर्ध्याहून जास्त बायका. वहिनी मला जरा अवघडल्यासारख्या वाटल्या. कार्यक्रम सुरू झाला, लोक हसत होते, पण मोठ्या शहरातून आलेल्या पाहुण्याच्या बोलण्याला हसावं तसं, जपून.

अर्ध्यात मागून एक सत्तरीची बाई उठली. किडकिडीत, काळीसावळी, आखूड नेसलेली. कंबरेवर हात ठेवून तिनं खणखणीत आवाजात ओळ टाकली.

"टीव्हीची गं बाई आली, पायात तिच्या मोजं,
चिखलात उतर म्हनलं, तर आंगाला झालं वझं!"

मैदान फुटलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या दगड झाल्या होत्या. मग चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी मोजे काढले, भिरकावले आणि कमरेवर हात ठेवून त्याच चालीत उलट ओळ टाकली, म्हातारीच्या बोळक्या तोंडावरून. म्हातारीनं ती पुरी व्हायच्या आत पुढची टाकली. वहिनींनी पुढची.

ती त्यांची चुलती होती. पावसाळ्यात भाताची रोपं चिखलात लावायची, त्याला तिकडं आवणी म्हणतात. दोन रांगांत वाकलेल्या बायका दिवसभर एकमेकींना गाण्यातून चिडवतात. ओळ जागच्या जागी रचायची, हात थांबवायचे नाहीत, जिला उत्तर सुचणार नाही ती हरली. वहिनी सात वर्षांच्या असल्यापासून त्या रांगेत होत्या. "तुम्ही हे शिकलात कुठं?" असं मी त्यांना किती वेळा विचारलं असेल. "शिकायचं काय त्यात, येतंच की," असं म्हणायच्या. मला तो विनय वाटायचा.

मी साथ करायला गेलो. काळी पाहिली, पांढरी पाहिली. त्या चालीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठंतरी होता. मी पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि नुसता ऐकत बसलो. आता मैदानातल्या सगळ्याच बायका उठल्या होत्या. कुणी चुलतीकडून, कुणी वहिनींकडून, ओळींवर ओळी, टाळ्यांचा ठेका, आणि समोर डोंगर. जिला मी हळदीकुंकवाच्या ओट्यावरून मोठी होताना पाहिलं, तिच्यासारख्या तिथं शंभर होत्या.

वहिनी हरल्या. चुलतीनं एक ओळ टाकली, ती इथं लिहिण्यासारखी नाही, आणि वहिनींना उत्तर सुचेना. तोंड उघडलं, मिटलं. मग त्या मंचाच्या कडेला मटकन बसल्या आणि पदरात तोंड घालून हसायला लागल्या. थांबेचनात. चुलतीनं येऊन त्यांच्या पाठीवर धपाटा घातला आणि शेजारी बसली.

नवीन मालिकेचं काम दिवाळीनंतर आहे. यंदा आवणीला वहिनी आठ दिवस चुलतीकडे राहिल्या, गुडघाभर चिखलात. सहाव्या दिवशी मला फोन आला.

"मास्तर, पाच दिवस हरले. आज जिंकले!"

मागून दहा-पंधरा बायकांचा एकच गिल्ला ऐकू आला, "खोटं हाय, खोटं हाय!" आणि त्या गडबडीत फोन बहुतेक चिखलात पडला.